टर्की पक्षी खारविला, त्याची हकीकत

बाळ येशूस नमन, गव्हाणीस नमन, गव्हाणीपाशी उभ्या गाढवासही नमन, जे सर्व ऐकते आणि कोणाचे कोणास सांगत नाही. शके एकोणीसशे सात, क्रोधननाम संवत्सरी, मार्गशीर्ष शुद्धपक्षी, नाताळाचे आदले दिवशी वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे. राज्याचे नाव लिहावे ऐसी आज्ञा नाही. पूर्वेस चिंच, पश्चिमेस सामाईक विहीर, दक्षिणेस मिठागराची वाट, उत्तरेस भावकीचे कुंपण, जे दरसाल वीतभर अलीकडे सरकते. इतुक्या हद्दीत खासे इनासबा राज्य करीत, म्हणजे ओटीवर बसत. कारभार सगळा राणीसाहेब आगनेसबाय यांचा. त्यांचे तीर्थरूप आगबोटीवर खानसामा होते आणि साहेबलोकांपासोन त्यांनी एक विद्या आणिली होती, ती अशी की, टर्की नामे पक्षी, जो कोंबड्याचा थोरला चुलता शोभे आणि थोरल्या चुलत्यासारखाच कोरडा, तो भट्टीस धाडण्याआधी रात्रभर खाऱ्या पाण्यात बुडवोन ठेवावा, म्हणजे मीठ हाडापर्यंत उतरते आणि मांसास ओलावा राहतो. तीच विद्या कन्येने सासरी आणिली आणि दर नाताळास चालविली.

तेथे रिवाज ऐसा की, उकळलेल्या पाण्यात मीठ घालणे ते घरच्या वडील बाईनेच घालावे आणि त्या समयी बाकीच्यांनी पाठ फिरवोन उभे राहावे. पाहिले तर पक्ष्यास दृष्ट लागते. सूनबाई रेजिना या घरात आल्या तेव्हापासोन दरसाल भांड्यांच्या फळीकडे तोंड करोन उभ्या राहिल्या. कोणत्या पातेल्यास कोठे पोचा आहे हे त्यांस तोंडपाठ, परंतु मीठ किती मुठी पडते हे ठाऊक नाही. एकदा हळूच मान वळवू गेल्या, तो मागोन आवाज आला, "काय गं रेजिना, मान आखडली का?" मग पुन्हा धाडस केले नाही. परंतु पाठीमागे सासूबाई मीठ घालिता घालिता लग्नातले जुने गाणे हळू आवाजात गुणगुणत, मध्येच थांबत, पुन्हा धरीत. आणि वर्षभर ज्यांच्या तोंडून "भात करपला" याहून गोड शब्द निघत नसे, त्यांचे ते गाणे ऐकता ऐकता रेजिनाबाई त्या घरच्या होऊन गेल्या.

त्या साली ईस्टर सरले आणि आगनेसबाय देवाघरी गेल्या. मागे त्यांनी हौसेने आणिलेले टर्कीचे पिलू अंगणात राहिले आणि ते सरदार होऊन हिंडू लागले. इनासबांनी अन्न सोडले नाही, परंतु पेजेवर आले. मग नाताळ जवळ आला आणि पुत्र बस्त्यावजी यांनी मसलत दिली की, यंदा राहू द्यावे. त्यावर इनासबा बोलिले, "करा. तिच्या हातची चव आली तर पुढं चालवा. नाही आली तर पुढल्या साली कोंबडी. मग टर्कीचं नाव माझ्यापुढं काढायचं नाही." ऐसा हुकूम जाहला. टर्की गेली तर ते पाठ फिरवोन उभे राहणे जाणार, आणि ते गेले म्हणजे सासूबाई दुसऱ्यांदा गेल्या, हे रेजिनाबाईंस दिसत होते, बोलोन दाखविता येत नव्हते.

मग आदले दिवशी कन्या कार्मेलीनबाय सासरहून एसटीने दाखल जाहल्या आणि मुदपाकखान्यात मोठे तपेले चढले, आणि त्यात तमालपत्र, मिरी, आले, ठेचलेली लसूण, गुळाचा खडा ऐसे पडले, आणि कोपऱ्यात बंदरावरली बर्फाची लादी गोणपाटात येऊन बसली. कारण त्या मुलखी थंडी पंचांगापुरतीच येते. पाणी उकळले, तपेले खाली उतरिले आणि मिठाची बरणी मध्ये ठेविली. आता वडील बाई कोण, हा पेच पडला.

"वहिनी, घाला. घर तुमचं."

"छे हो वन्सं, आय तुमची. मी कोण?"

"तुम्ही रांधता रोज."

"रोजचं वेगळं."

बस्त्यावजी बोलिले, "तुमचं ठरेपर्यंत पाणी थंड होईल. मी आपला पाठ फिरवतो." आणि फिरविली. ते पाहोन रेजिनाबाईंस वाटले, वन्सं आता पुढे होतील, आणि त्या सवयीने फळीकडे वळल्या. कार्मेलीनबायही देवाच्या तसबिरीकडे वळल्या. उंबऱ्यावर इनासबा उभे होते, तेही भिंतीकडे वळले. ऐसे चौघे चार दिशांस तोंड करोन उभे राहिले. गाणे कोणी म्हटले नाही. मग पाठीमागे खर्र ऐसा आवाज जाहला. रेजिनाबाईंनी मनात म्हटले, घातले वन्संनी. आणि जिवास थोडे लागले, थोडे हलकेही वाटले. मग सर्व वळले, कोणी कोणाच्या डोळ्यांस डोळा दिला नाही. बर्फ घातला, पक्षी बुडविला, वर वरवंटा ठेविला आणि सर्व देवळात नाताळच्या मध्यरात्रीच्या मिसेस, म्हणजे प्रार्थनेस, गेले. चाखोन पाहणे रिवाजात नव्हते.

नाताळाचे दिवशी गावच्या पावाच्या भट्टीतून स्वारी परत आली, ती काय वर्णावी! अंगावर सोन्याचा मुलामा, तंगड्या बांधलेल्या, वासाने भावकी कुंपणावर टेकलेली. इनासबांनी पहिला घास घेतला आणि चावू लागले, आणि चावीत राहिले. मग कार्मेलीनबायनी घास घेतला आणि पाणी प्याल्या.

"अळणी आहे," इनासबा बोलिले. "मीठ कोणी घातलं?"

"वन्संनी."

"मी? वहिनी, मी तसबिरीकडं बघत होते! तुम्ही ना?"

"मी फळीकडं."

"दादा, तू?"

"बापजन्मात घातलं का मी? पण आवाज आला की!"

मग सर्वांस एकदमच समजले की तो आवाज गोणपाटात खचत्या बर्फाचा. रेजिनाबाईंच्या डोळ्यांपुढे चार पाठी आल्या, मध्ये बिचारे तपेले; आणि हसू आवरेना आणि रडूही आवरेना. बस्त्यावजींनी विचारिले, "म्हणजे बा, पुढल्या साली कोंबडी?" तेव्हा रेजिनाबाई उठल्या, बरणी आणिली, भट्टीच्या परातीत उतरलेल्या रसात सर्वांदेखत मूठ सोडिली आणि बोलिल्या, "बघा सगळ्यांनी. दृष्ट लागायची ती लागू दे." आणि तो रस मांसावर ओतिला.

इनासबांनी चाखिले. "कमी आहे."

आणखी घातले. "आता?"

"आता खारट." आणि पुढला घास घेतला, आणि त्यापुढला. "तिचंही हेच. एक साल अळणी, एक साल खारट. नीट असं कधी पडलंच नाही."

कार्मेलीनबाय चकित जाहल्या. "मग तुम्ही दरसाल वाहवा कसली करायचात?"

"तुमच्या पाठी असायच्या. मी उंबऱ्यावरनं बघायचो. बापाची आठवण यायची तिला मीठ घालताना. गाता गाता डोळे पुसायची, आणि मूठ मोजायची राहून जायची. ते बघितल्यावर अळणी म्हणायला माणूस दगडाचा पाहिजे." मग बोलिले, "यंदा मीच भिंतीकडं वळलो. तिच्या जागी दुसरं कोणी बघवलं नसतं."

मग रेजिनाबाईंनी भीत भीत पुसिले, "बा, पुढल्या साली पाठ फिरवायची का?"

"फिरवायची तर. तुला रडायचं असेल ना."

येणेप्रमाणे राज्य राहिले, रिवाज राहिला आणि मिठाचा हक्क सूनबाईंकडे रुजू जाहला. पक्षी खारट म्हणत म्हणत सर्वांनी खाल्ला, भावकीस पंखही उरला नाही. ऐकिले तैसे लिहिले. चवीस उणे वाटेल तर वाचणाराने आपल्या हाताने वरून घ्यावे. इति.