दुसरा गिअर

“दुसरा!” नाना ओरडले.

मागच्या सीटवर आमचे हे छाती धरून आडवे. गाडी टिळक रस्त्याच्या चौकात मधोमध उभी. इंजिन बोंबलतंय, पण चाक जागचं हलत नाही. मागे स्कूटरवाल्यांचे हॉर्न. मी म्हटलं, “अहो, दुसरा कशाला? हाच जवळ आहे, आणि तिथले डॉक्टर ओळखीचे आहेत.”

“दवाखाना नव्हे हो वहिनी, गिअर! दुसरा गिअर! तुमच्या हाताशी आहे तो!”

तोवर मी कुठल्याही गाडीत दरवाजाच्या कडीपलीकडे कशाला हात लावला नव्हता.

नाना लिमये आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. सदाशिव पेठेत तेव्हा वाडे पाडून इमारती उठत होत्या, त्यातलीच आमची एक. पिंपरीच्या एका कारखान्यात नकाशे काढून ते निवृत्त झाले होते. त्यांची गाडी जुनी, काळी. तिचा गिअर खाली जमिनीत नव्हता, स्टिअरिंगखालून डावीकडे एक दांडी निघालेली होती. त्या दांडीत खोड होती. पहिला गिअर पडायचा. दुसरा पडायचा, पण हाताने धरून ठेवावा लागायचा. सोडला की सुटला.

नाना गाडीला अहो-जाहो करत. “चला, आपण निघू या,” असं बॉनेटवर हात ठेवून म्हणायचे. कुसुमताई, म्हणजे त्यांच्या मिसेस, बाजूला उभ्या असत. “मला जन्मात कधी अहो म्हटलं नाही,” त्या मला सांगायच्या. “पत्र्याला मात्र मान!”

कशाचंही काही बिघडलं, की नानांचं एकच वाक्य, “आधी समजून घ्या.” नळाला पाणी नाही, समजून घ्या. दूध नासलं, दुधाला समजून घ्या. एकदा मी म्हटलं, “नाना, दूध समजलं. आता चहा कशाचा करू?” तेव्हा ते मुकाट्याने काळा चहा प्यायले.

गाडी दोघं मिळून चालवत. स्टिअरिंग इतकं जड, की नानांचे दोन्ही हात त्यालाच लागायचे. दांडी कुसुमताईंकडे. नाना क्लच दाबून म्हणणार, “दुसरा,” की त्या ओढणार. “तिसरा,” की ढकलणार. उजव्या हाताने दांडी आणि डाव्या हाताने मांडीवरच्या वालाच्या शेंगा, अशा मी त्यांना बघितल्या आहेत. सिंहगडाच्या पायथ्याला जाईपर्यंत भाजी निवडून झालेली असायची.

त्यांचा मुलगा मंदार हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत लागला होता. रस्त्यावर दर महिन्याला नव्या नव्या गाड्या दिसायच्या. तो म्हणायचा, “बाबा, एका बोटाने गिअर पडतो हल्ली. नाहीतर मिस्त्रीला तरी दाखवा. दांडीच्या सांध्यातला बुश झिजलाय फक्त, एवढीशी कडी. वीस मिनिटांचं काम.”

“वीस मिनिटांनी काय होईल?”

“एका माणसाला गाडी चालवता येईल!”

“आम्ही दोन आहोत,” नाना म्हणायचे आणि पेपर उघडायचे.

मग एक राहिले. कुसुमताई तापाचं निमित्त होऊन चार दिवसांत गेल्या. गाडी जिन्याखाली उभी राहिली ती राहिलीच. नाना रोज सकाळी ती पुसायचे, आत बसून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचे आणि बंद करून वर जायचे. आम्ही बिऱ्हाडकरू हसायचो. “नाना महाबळेश्वरला जाऊन आले,” असं म्हणणारी मीच.

आठ महिने असे गेले. यांची छाती दुखायला लागली त्या दुपारी रिक्षांचा संप होता. रुग्णवाहिकेचा फोन लागेना. मी वर जाऊन नानांचं दार बडवलं. त्यांनी काही विचारलं नाही. बनियनवरच खाली आले, यांना माझ्याबरोबर उचलून मागे निजवलं आणि मला म्हणाले, “तुम्ही पुढे बसा.”

मला वाटलं, मागे जागा नाही म्हणून.

तर तो चौक. पहिल्या गिअरवर इथवर रखडत आलो होतो, आता तोही पडेना. एक स्कूटरवाला शेजारी येऊन म्हणाला, “काय आजोबा, गाडी संग्रहालयात द्यायला चाललात का?”

“हो. तुम्ही पुढे होऊन जागा धरा,” नाना म्हणाले, आणि मला, “वहिनी, दांडी स्वतःकडे ओढा. किंचित उचला. आता खाली. जोर नको, समजून घ्या तिला!”

“तिला मागाहून समजून घेईन. किती ओढू ते सांगा!”

मी ओढली. आत काहीतरी खडखडलं आणि गाडी धक्का देऊन निघाली. दांडी माझ्या तळव्यात थरथरत होती, सुटायला बघत होती. मी दोन्ही हातांनी धरली.

“बस,” नाना रस्त्याकडे बघत म्हणाले. “तिथंच धर, कुसुम.”

ती वेळ नाव दुरुस्त करायची नव्हती.

दवाखान्यापर्यंत आम्ही दुसऱ्यातच गेलो. सिग्नल लाल होता का हिरवा, मला विचारू नका. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

हे घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी नानांनी मला जिन्यात हाक मारली. “वहिनी, जरा दांडी धरायला या.”

बॉनेट उघडं होतं. नानांनी गाडीच्या खणातून एक कागदाची पुडी काढली. त्यात बोटात बसेल एवढी एक कडी, नवी कोरी. मी आत बसून दांडी धरली. ते बाहेरून पकडीने झटत होते. जुना बुश निघाला तो चघळून टाकलेल्या सुपारीसारखा. नवा बसला, पिन बसली. “दुसरा,” नाना म्हणाले. मी ओढली. लोण्यात सुरी जावी तशी गेली. हात काढला, तरी जागेवरच.

“हा बुश कधी आणलात?”

“सहा वर्षं झाली. हिनेच आणायला लावला. रोज विचारायची, बसवला का.”

“मग बसवला का नाही?”

नाना फडक्याने एकेक बोट पुसत राहिले. “बसवला असता तर ती मागे बसली असती. गुडघे दुखायचे तिचे. मागे पाय पसरता येतात, म्हणायची.”

मला राग आला. “म्हणजे सहा वर्षं त्या बाईचे गुडघे दुखवलेत?”

“हो,” नाना म्हणाले. “दुखवले.”

“आणि आजच कसं सुचलं?”

“त्या दिवशी तुमचा हात सुटला असता, तर?”

त्यांनी बॉनेट लावलं आणि एकटेच गाडी घेऊन बाहेर पडले. पाच मिनिटांत परत आले.

हे पुढे अकरा वर्षं जगले. नाना त्यांच्या आधी दोन वर्षं गेले. त्या दुपारी गाडीत आम्ही तिघं होतो, त्यातली आता मीच आहे.