सहा मिनिटांची शाळा

घंटा वाजवणारा शिपाई निवृत्त झाला, आता घंटा कोण देणार यावर स्टाफरूममध्ये चर्चा सुरू झाली आणि भूगोलाच्या बाई बोलून गेल्या, "कॉम्प्युटर देईल. प्रोग्राम मी लिहिते."

कॉम्प्युटरच्या सरांनी कप खाली ठेवला. दर शनिवारी ते शिक्षकांना प्रोग्रामिंग शिकवत, आणि बाई पहिल्या बाकावर बसून त्यांची बोलणी खात. गोड बोलणं सरांच्या अभ्यासक्रमातच नव्हतं.

"बाई, तुम्हाला अजून चार ओळी धड लिहिता येत नाहीत," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "हे तुमच्याच्यानं व्हायचं नाही."

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "सोमवारी घंटा वाजेल. नाही वाजली तर तुमच्या वर्गात पाऊल टाकणार नाही!"

सोमवारी घंटा वाजली. तक्रार होती ती एवढीच की ती पुन्हा पुन्हा वाजत राहिली.

मोठ्या बाईंचा, म्हणजे मुख्याध्यापिकांचा, दंडक होता: घड्याळं प्रत्येकाची वेगळी, घंटा एकच, तिच्याशिवाय कुणी वर्ग सोडायचा नाही आणि ती झाल्यावर कुणी रेंगाळायचं नाही. त्यामुळे गणिताचे सर "मागच्या वेळी आपण..." म्हणेपर्यंत घंटा झाली आणि ते निघाले. इतिहासाच्या बाई आल्या, खडू शोधला, घंटा. जिन्यात चढणारे आणि उतरणारे शिक्षक एकमेकांवर आदळू लागले. मधल्या सुट्टीत मुलांनी डबे उघडले आणि तसेच मिटले. आठही तास संपून शेवटची घंटा झाली, तेव्हा शाळा भरून सहा मिनिटं झाली होती. मुलं मात्र दंडकाला पक्की. दप्तरं उचलून ती सरळ घरी गेली.

ऑफिसात सरांनी बाईंचा प्रोग्राम पडद्यावर आणला. "तास चाळीस मिनिटांचा म्हणून चाळीस लिहिलंत. कॉम्प्युटर सेकंद मोजतो! पहिल्याच धड्यात आहे. तुम्ही वाचत नाही बाई, नुसतं बडवता. या वयात कशाला हा हट्ट?"

बाईंना फार लागलं. डोळ्यांत पाणी येईलसं वाटलं, पण त्याआधी राग आला. "वय कशाला मधे आणता? साठनं गुणायचं राहिलं, एवढंच ना?" त्यांनी खुर्ची ओढली, सरांकडे पाठ करून खालच्या ओळीत साठनं गुणलं आणि त्या उठल्या.

"उद्या चुकलं तर घंटेला पुन्हा माणूस ठेवू," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही आपला भूगोल सांभाळा."

दुसऱ्या दिवशी पहिला तास सुरू झाला तो संपेचना. बाईंनी सातवीला नद्या शिकवल्या, डोंगर शिकवले, वाळवंटात शिरल्या, तरी घंटा नाही. शेजारच्या आठवीत सर होते. तिथून आधी कुजबुज, मग बाकं वाजवल्याचा आवाज, मग सरांचा घसा बसल्याचं ऐकू आलं. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. रात्री त्यांनी प्रोग्राम मनातल्या मनात दहादा तपासला होता.

शेवटी मोठ्या बाईच व्हरांड्यात आल्या. "काय चाललंय हे? तास आहे की जन्मठेप?"

आठवीच्या दारातून सर बाहेर आले. केसांत खडूची भुकटी, खिशात कुणीतरी खोचलेलं कागदी विमान. "मी सांगत होतो..."

"सर," बाईंनी मधेच विचारलं, "काल मी गेल्यावर प्रोग्रामला हात लावलात?"

"हात काय लावायचा? दुरुस्त केला! पहिल्या ओळीत चाळीसच होते. साठनं गुणलं."

"मी खालच्या ओळीत गुणलं होतं."

"म्हणजे साठनं दोनदा गुणलं गेलं..." सर म्हणाले.

"मला समजेल असं बोला," मोठ्या बाई कातावल्या. "घंटा कधी होणार?"

बाईंनी मनात हिशेब केला. "चाळीस तासांनी. परवा पहाटे."

त्यानंतर कुणाच्या परवानगीची वाट न पाहता बाई ऑफिसात गेल्या. सर मागून आले. "मी करतो, सरका." बाई सरकल्या नाहीत. त्यांनी सरांचे साठ पुसले, सगळा प्रोग्राम वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला आणि दुसऱ्या तासापासून सुरू केला. घंटा खणखणली. आठवीनं अशी आरोळी ठोकली की खिडक्या हादरल्या.

"घंटा तुमच्याकडेच राहू दे," दारातून मोठ्या बाई म्हणाल्या आणि गेल्या.

"गडबडीत खालची ओळ वाचायची राहिली," सर पुटपुटले.

बाईंच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि सरांच्या खिशातलं विमान काढून त्यांच्या हातात दिलं.

"असू दे हो, सर," त्या मायेनं म्हणाल्या. "नवीन असताना होतं असं."