तारामार्गाला गावाची हरकत

ओटीवर पाट पालथा घालून दाबून ठेवलेला कागद दाजींनी उचलला, वाचला, आणि त्यांचा चहा कपातच निवला.

चांगला दोन हात लांब कागद होता. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘आंतरतारकीय व्यापारी मार्ग, टप्पा पहिला’. खाली एक लाल रेघ. ती कातळी सड्यावरून निघून, वडाला वळसा घालून, पऱ्याचा ओहोळ ओलांडून सरळ घुसली होती ती ‘दाजींची कलमं’ अशा नावाच्या गोलात. तिथे टीप होती, ‘मुख्य तळ. जहाजांचा माल इथे उतरेल.’ पुढचा गोल ‘धोंडूची काजी’, आणि त्याला खेटून काळं वर्तुळ, ‘कृष्णविवर’. दोन गोलांच्या मध्ये आकडे होते, ‘४ प्र. व.’, ‘७ प्र. व.’ या सगळ्यावर कडी म्हणजे कोपऱ्यात लाल शाईचा शेरा: ‘मंजूर. फक्त लाल रेघ अजून जाड करावी.’ खाली सही, अर्थातच न वाचता येणारी.

“जाड करावी!” दाजी रिकाम्या घरात ओरडले. “हायवे चौपदरी करून पोट नाही भरलं मेल्यांचं!”

आंतरतारकीय म्हणजे काय, हा प्रश्न त्यांना पडला नाही. सरकारी योजनेचं नाव जितकं न कळणारं, तितकी जमीन जास्त जाते, हा त्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव होता. त्यांनी आयुष्यभर हरकती घेतल्या होत्या. पाण्याच्या टाकीला घेतली होती, नव्या स्मशानशेडला घेतली होती, आणि मोबाइलच्या टॉवरला तर अशी घेतली होती की गावात अजून रेंज नव्हती.

दगडी गडग्यापलीकडे शेजारची हौसा भांडी घाशीत होती.

“हौसे, इथे कोण आलं होतं गो?”

“कोनतरी हेल्मेटवाला आला फटफटीवरनं. कागद ठेवलान, वर पाट घातलान नि गेला. माज्याकडं बगून हसलानसुदा.”

“हसतील नाहीतर काय! आपण मेल्यावर रडतीलसुद्धा!”

सून संस्कृती घरात असती तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण शाळेला सुट्टी म्हणून ती सानवीला घेऊन चमकीचा कागद आणायला लांज्याला गेली होती. शनिवारी शाळेचं स्नेहसंमेलन होतं आणि त्यात नात काहीतरी करणार होती, इतकं दाजींना ठाऊक होतं. दरवर्षी ती फूल होत असे. यंदाही फूलच असणार, असं त्यांनी धरलं होतं.

दाजी कागद काखेत मारून धोंडूकडे गेले. धोंडूने तहसील कचेरीत वीस वर्षं शिपाई म्हणून काढली होती, त्यामुळे कागदपत्रांतलं गावात त्याच्याएवढं कुणाला कळत नसे.

“धोंडू, तुझ्या काजीत काळ्या दगडाची खाण काढतायत.”

“माज्या? मला न इचारता?” धोंडूने नकाशावर बोट ठेवलं. “हे प्र. व. म्हंजे प्रस्तावित वहिवाट. आमच्या हापिसात असंच लिवायचे. दाजी, ह्यो कागद आतला हाय.”

“आणि ही जहाजं?”

“म्हंजे बंदर पन आलं. हर्णेची मासळी इकडं वळवनार.”

“अरे, आपल्या गावात समुद्र कुठाय?”

“आनतील!” धोंडू म्हणाला.

हे दाजींना पटलं. यांचा काय नेम? दोघे तडक देवळामागच्या कातळावर गेले, कारण गावात रेंज फक्त तिथे मिळायची. धोंडूने नकाशाचा फोटो मुंबईच्या ग्रामविकास मंडळाच्या ग्रुपवर टाकला. दाजींनी तिथल्या तिथे कृती समिती स्थापन केली आणि स्वतःला अध्यक्ष नेमलं. नकाशा धोंडूच्या हवाली करताना ते म्हणाले, “हा पुरावा आहे. जीव गेला तरी कुणाला देऊ नको. उद्या मी मागितला तरी नाही!”

दुपारी ते समाधानाने वरणभात जेवले. तोवर मंडळाचे अध्यक्ष गुरुप्रसाद यांनी शनिवारची गाडी ठरवली होती. सभा शाळेच्या पटांगणात, पाच वाजता. संमेलनामुळे मांडव आणि माइक आयता होता.

तीनच्या यष्टीने माय-लेकी परत आल्या. सानवी धावत ओटीवर चढली, तिने पाट उचलला आणि भोकाड पसरलं.

“बाबा, इथला नकाशा बघितलात?” संस्कृतीने विचारलं. “सागर गुरुजी तपासून परत ठेवून जाणार होते. सानवीच्या नाटकाचा.”

“कसल्या नाटकाचा?” दाजींचा आवाज जरा पातळ झाला.

“अवकाशातलं आहे. सानवी त्यात जहाजाची कप्तान. पृथ्वीवरून आमसुलं आणि सुकट घेऊन शनीला जाते, वाटेत चाचे येतात. मुलांच्या लक्षात राहावं म्हणून ग्रहांना आपल्याच जागांची नावं दिली मी. चार दिवस खपलो आम्ही दोघी त्या नकाशावर.”

“आणि ते प्र. व.?”

“प्रकाशवर्षं.”

दाजी पाटावर बसले. आधी त्यांना लाज वाटली. पण ती त्यांच्या अंगाला कधीच फार वेळ टिकत नसे. लगेच राग आला. मास्तराने ‘मंजूर’ लिहावं? आणि सही अशी करावी? असल्या सह्यांनीच देश बुडाला! पण सानवी मुसमुसत “आजोबा, शोधा ना” म्हणाली तेव्हा ते उठले, आणि ‘आत्ता आणतो’ म्हणून धोंडूकडे गेले.

“धोंडू, तो कागद दे. ते पोरांच्या नाटकाचं आहे.”

धोंडूने आधी दाजींकडे पाहिलं, मग दाजींच्या मागे कोणी आहे का ते पाहिलं.

“दाजी, तुम्हांला कुनी भेटून गेला काय?”

“कोण भेटणार मला?”

“नाय, सकाळी बंदर, दुपारी नाटक! इतक्यात मानूस बदलतो तवा कुनीतरी भेटलेला असतो. हापिसात लय बगितलंय मी.”

“धोंडू! मी खोटं बोलतो? चाळीस वर्षांत मी...”

“तुमीच बोललात ना, मी मागितला तरी देऊ नको? म्हंजे तुमाला तवाच म्हाईत होतं, आपन फितनार.”

दाजी तणतणत कातळावर गेले. तिथून त्यांनी गुरुप्रसादला फोन लावला. गुरुप्रसाद सगळं शांतपणे ऐकून म्हणाला, “सुरुवातीला हे असंच म्हणतात, दाजी. रस्ता नाय, रिंगरोड नाय, काय नाय. मंग एक दिवस जेसीबी येतो. तुम्ही आता वयानुसार आराम करा. समितीचं आम्ही धोंडूकडं दिलंय.” पाठोपाठ मुंबईहून मुलाचा, निलेशचा फोन आला: “बाबा, मी रजा टाकलीय. पण ग्रुपवर लोक तुम्हांला गद्दार का बोलतायत?”

उभ्या आयुष्यात दाजी पहिल्यांदाच ‘प्रकल्प नाही’ असं सांगत होते, आणि नेमकं तेच कुणी ऐकत नव्हतं. गावाच्या या अडाणीपणाची त्यांना मनस्वी चीड आली.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर ते सानवीला घेऊन ओटीवर बसले. संस्कृतीने जुन्या कॅलेंडरचे चार कागद कोरी बाजू वर करून एकमेकांना चिकटवून दिले होते.

“हा सडा,” दाजींनी रेघ मारली. “शनी कुठे घेऊ?”

“सड्याच्या वर. आणि इथून जहाज तुमच्या कलमांत उतरतं.”

“कलमांत नाही.”

“आजोबा, ते वरून येतं. झाडं नाही तोडत.”

“वरून गेलं तरी मोहोर गळतो. तुझ्या त्या जहाजाचा धूर कमी असतो होय? वळव तिकडून.”

“मग कुठून?”

“तिकडे रान मोकळं आहे,” असं म्हणत दाजींनी रेघ अलगद पलीकडे नेली आणि गोलांत नावं लिहिली. सानवीने मान डोलावली. मग आजोबांच्या मांडीवर डोकं ठेवून तिने शनीची कडी रंगवली. हिरवी, कारण पिवळा खडू संपला होता.

शनिवारी मुंबईची गाडी दोन तास उशिरा आली, त्यामुळे सभा पाचला सुरू झालीच नाही. सागर गुरुजी मुलांना रंग फासून कंटाळले होते. “आधी पोरांचं, मग तुमचं,” असं म्हणून त्यांनी पडदा उघडला. सभेला आलेला अख्खा गाव निमूट नाटकाला बसला. दाजी पहिल्या रांगेत होते. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

चमकीच्या कागदात गुंडाळलेली सानवी पुढे आली. तिच्या मागे नवा नकाशा टांगलेला होता. तिने काठी उचलली: “प्रजाजनहो! हा आपला व्यापारी मार्ग! इथून आपली जहाजं...”

“थांबवा!” धोंडू उभा राहिला. त्याने जुना नकाशा उंच धरला. “लोकहो, नीट बगा! जुन्या कागदात रस्ता दाजींच्या कलमांतनं होता. ह्या नव्यात फकस्त माज्या काजीतनं! नि अक्षर कुनाचं हाय? दाजींचं!”

मांडव उसळला. “म्हंजे भेटलाच कुनीतरी!” “स्वतःची बाग वाचवलान!” निलेशने कपाळाला हात लावला. “अरे मूर्खांनो...” म्हणून दाजी उठले, पण त्यांचा आवाज कुठल्या कुठे गेला. स्टेजवर सानवीची हनुवटी थरथरायला लागली होती. ते पाहिल्यावर दाजींना गाव, समिती, गद्दार, काही दिसेना. ते पायऱ्यांकडे निघाले तिला उचलून घरी न्यायला.

एवढ्यात सानवीने माइक दोन्ही हातांनी धरला.

“धोंडूकाका, खाली बसा. जहाज जमिनीवरून जातच नाही. आकाशातून जातं. तुमच्या काजीच्या करोडो मैल वरून. मी तेच सांगणार होते.” तिने नाक पुसलं. “आणि मध्ये बोलू नका. मागच्या मुलांना वाक्यं आठवत नाहीत मग.”

धोंडू बसला. नकाशा त्याने हळूच मांडीखाली घेतला. मग जहाज निघालं, चाचे आले, आमसुलाच्या पाण्याने त्यांचे डोळे चुरचुरले, आणि शनीच्या राणीने सुकट हुंगून एक कडं बक्षीस दिलं. टाळ्या थांबेनात. आपण तीन दिवस कशाविरुद्ध लढत होतो हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं, आणि कुणीच कुणाकडे बघत नव्हतं.

अशा वेळी काय करायचं हे फक्त गुरुप्रसादला माहीत होतं. तो स्टेजवर चढला.

“ग्रामस्थ हो! तीन दिवसांपूर्वी हा मार्ग आपल्या कलमांतून, काजीतून जात होता. आपण एकजूट दाखवली. परिणाम? तो जमिनीवरून उचलून करोडो मैल वर न्यावा लागला! हा आपल्या विरोधाचा विजय आहे!”

मग असा जयजयकार झाला की मांडवाचं एक दावं सुटलं. पुरावा प्राणपणाने जपल्याबद्दल धोंडूला शाल-श्रीफळ जाहीर झालं, आणि धोंडू कोरा चेहरा करून ते घ्यायला निघाला.

“थांबा!” दाजी पायरीवरूनच गरजले. संस्कृतीने सुटकेचा श्वास सोडला. चला, एकदाचं खरं काय ते गावाला कळेल!

“गुरुप्रसाद, हे साफ खोटं आहे!” दाजी म्हणाले. “धोंडूने नुसता कागद सांभाळला. रस्ता वर उचलायला लावला तो मी! पहिली हरकत माझी आहे. शाल इकडे आण!”