परतीची शाल

खिल्लारे सत्कार करतात आणि पाच मिनिटांत शाल परत मागून घेतात. नारळ देतात, मानपत्र देतात, शाल मात्र घडी करून पुन्हा खांद्यावरच्या पिशवीत जाते. ‘मावशी, शाल तेवढी द्या, पुढं लोक खोळंबलेत,’ हे ते अशा सुरात म्हणतात, की शाल आपणच पळवत होतो की काय असं त्या मावशीला वाटावं.

तसा आमच्या सेलूत सत्कारांना तोटा नाही. कुणाची निवड झाली, कुणाचा वाढदिवस आला, की शाल आणि श्रीफळ ठरलेलं. मी शाळेत मराठी शिकवतो. त्यामुळे गावातली मानपत्रं लिहिण्याचं घोंगडं माझ्याच गळ्यात आहे. मी एक साचा करून ठेवलाय. दीपस्तंभ, अष्टपैलू, तळागाळातल्यांचा आधारवड. नाव बदललं की झालं. एका जिनिंगवाल्या शेठना सर्वसमावेशक विकासाचा पुरस्कार मिळाला, तेव्हाचं मानपत्र मी दोन तासिकांमधल्या सुट्टीत लिहून दिलं होतं, आणि शेठच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

त्याच सत्काराच्या सभेत शेवटच्या रांगेतून एक हात वर आला. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, साठी उलटलेला सडपातळ माणूस.

‘नोंद घ्या!’ तो म्हणाला. ‘शेठच्या जिनिंगवर कापूस निवडनाऱ्या बायांची आवक लय मोठी हाय. त्यांची जावक कवा निघनार?’

सभेला काही कळलं नाही. शेजारचे गृहस्थ मला कुजबुजले, ‘खिल्लारे. बाजार समितीत आवक-जावक क्लार्क होते. जन्म गेला पत्रांच्या नोंदी करण्यात.’ मग माझ्या लक्षात आलं. आलेल्या पत्राला उत्तर गेलं नाही, की खिल्लाऱ्यांचा जीव खालीवर व्हायचा. नोकरी संपली तरी हिशेब तोच. एखाद्या बाईकडून गावाला एवढं आलं, गावाकडून तिला काय गेलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात. ‘जय भीम सर. एक मानपत्र पायजे.’

बाजारात रोज पहाटे झाडू मारणाऱ्या हौसाबाईंसाठी ते हवं होतं. मी साचा काढला, नाव घातलं. खिल्लाऱ्यांनी चष्मा लावून वाचलं आणि खिशातलं लाल पेन काढलं.

‘दीपस्तंभ काढा. तिच्या घरी मीटर न्हाई.’

‘अहो, ते अलंकारिक आहे.’

‘ते खरं. पन तिनं काय केलं ते लिवा की. अष्टपैलू बी काढा. झाडती ती, एकच पैलू हाय, पन चाळीस वर्सं झाली.’

मला राग आला. माझी शुद्ध भाषा आजवर कुणी तपासली नव्हती. पण खरं सांगायचं तर हौसाबाईंनी काय केलं हे मला ठाऊकच नव्हतं. मी रोज त्यांनी झाडलेल्या रस्त्यावरून भाजी आणत होतो.

सत्काराला मीही गेलो. भाजीच्या गाड्यांमध्ये खिल्लारे उभे, समोर हौसाबाई हातात झाडू घेऊन घाबरलेल्या. खिल्लाऱ्यांनी शाल पांघरली, मानपत्र वाचलं. हौसाबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं, कमरेच्या पिशवीतून आधार कार्डाची झेरॉक्स काढली आणि विचारलं, ‘अंगठा कुठं लावू, सायेब?’

आम्ही हसलो. खिल्लारे हसले नाहीत. ‘कुठंच न्हाई लावायचा, मावशी. हे तुमचंच हाय,’ ते म्हणाले. आणि पाच मिनिटांनी शाल परत घेतली.

पुढे असे बरेच झाले. रेल्वे फाटकापाशी पाणपोई भरणारी बाई, रेशनच्या यादीतून नाव कापायला कुणी आलं असं समजून पळूनच गेली. तिला रुळाच्या कडेनं गाठून शाल पांघरावी लागली. मी मित्रांमध्ये खिल्लाऱ्यांच्या नकला करायचो. ‘नोंद घ्या, शाल द्या’ म्हटलं की हशा पिकायचा. चिक्कू माणूस, दुसरं काय, असं आमचं मत पडलं.

ते मत एका दुपारी गळून पडलं. मानपत्र द्यायला मी रुळापलीकडे त्यांच्या घरी गेलो होतो. पत्र्याची दोन खोल्यांची जागा, बाहेरच्या खोलीत बाज, बाजेवर ऐंशीच्या घरातल्या बाई उशाला टेकून बसलेल्या. नाकाला नळी, बाजूला घरघरणारं ऑक्सिजनचं यंत्र.

‘ही आमची आक्का,’ खिल्लारे म्हणाले. ‘मोठी बहीन, गयाबाई.’

आक्काचा नवरा लग्नानंतर वर्षभरात वारला. माहेरी आली ती जिनिंगवर लागली, तीस वर्षं कापसाच्या ढिगात बसली आणि धाकट्या भावाला शिकवलं. भाऊ खुर्चीवर बसला. आक्काच्या छातीत कापसाची धूळ बसली.

‘पयल्या पगारापासून मनात होतं हिचा सत्कार करायचा,’ खिल्लारे सांगू लागले. ‘रिटायर झालो तवा शाल आनली. तर ही घेईना.’

‘कशी घेऊ?’ आक्का म्हणाली. दोन शब्दांमागे एक श्वास. ‘मी भावासाठी केलं. लोकांसाठी केलेल्या बाया उघड्या, अन् मी शाल पांघरू? आधी त्यांचं कर मनलं. माझा नंबर शेवटी.’

तर ही शाल आक्काची होती. ती गावभर फिरून रोज संध्याकाळी घरी यायची. खिल्लारे बाजेशेजारी बसून सत्काराची सगळी हकीकत सांगायचे, मानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायचे. ऐकून झालं, की आक्का म्हणायची, ‘झालं? आता तिचं कर,’ आणि नवीन नाव सांगायची.

मला सोडायला खिल्लारे फाटकापर्यंत आले. ‘डाक्टर मनले, पावसाळा निघनार न्हाई. शेवटचं एकच नाव ऱ्हायलंय सर. मग हिला न्हाई म्हनताच यायचं न्हाई. तेवढं लवकर लिवून द्या.’

ते नाव होतं चंद्रभागाबाईंचं. जिनिंगच्या भिंतीला बाभळीखाली आठ-दहा झोळ्या बांधलेल्या असायच्या. आत बाया कापूस निवडायच्या, बाहेर चंद्रभागाबाई त्यांची लेकरं सांभाळायच्या. त्या होत्या म्हणून बायांचं काम टिकलं. आता म्हातारपणी त्या बोरीला लेकीकडे होत्या.

मी लवकर लिहून दिलं का? नाही. मला ठाऊक होतं की वेळ नाही, तरी नाही लिहिलं. आधी पेपर तपासायचे होते, मग पाहुणे आले, मग एका सभापतींचं मानपत्र मध्येच आलं आणि ते मी अर्ध्या तासात लिहून दिलं, कारण त्याला साचा होता. झोळी हलवणाऱ्या बाईवर काय लिहायचं हे सुचेना, म्हणून मी उद्यावर ढकलत राहिलो. खिल्लारे तीनदा आले. तिन्ही वेळा त्यांनी चहा घेतला आणि घाई केली नाही. अकराव्या दिवशी मी कागद दिला.

त्याच दिवशी ते एसटीनं बोरीला गेले. मी संध्याकाळच्या गाडीनं परभणीला गेलो, शाळेच्या कामासाठी. तिसऱ्या दिवशी दुपारी परतलो तर खिल्लारे ओट्यावर बसलेले. पिशवी मांडीवर.

‘उभे ऱ्हा, सर.’

त्यांनी नारळ माझ्या हातात दिला, शाल खांद्यावर टाकली आणि आपल्या कारकुनी अक्षरातला कागद वाचला. ‘आपण आमच्या विनंतीवरून मानपत्रे लिहिली. काही उशिरा लिहिली, पण खरी लिहिली. याची नोंद घेतली आहे.’

मला हसू आलं. सवयीनं मी शाल काढली, घडी केली आणि पुढे धरली.

‘असू द्या,’ खिल्लारे म्हणाले. ‘पुढं कुणी न्हाई.’

‘आक्का?’

‘काल पहाटं गेली.’ ते नारळाकडे बघत होते. ‘बोरीवरून आलो, समदं सांगितलं. चंद्रभागाबाई शाल चाचपून मनल्या, गया हाय का अजून. हे ऐकून आक्का लय हसली. मनलं, आक्का, आता तुझं. तर मनली, अन् ते सर? इतकं लिवून दिलं त्यांनी. आधी त्यांचं कर. मी तसाच उठून तुमच्याकडं आलो, तर तुमी परभनीला गेल्ते.’

त्यांच्या बोलण्यात मला दोष देणं नव्हतं. मला लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही. ते अकरा दिवस मी कुठल्या साच्यात बसवू?

खिल्लारे पाणी पिऊन गेले. मी कपडेही न बदलता लिहायला बसलो आणि दिवस मावळायच्या आत शाल आणि कागद घेऊन रुळापलीकडे गेलो. यंत्र कोपऱ्यात बंद पडलेलं होतं. बाजेवर घडी घातलेलं अंथरूण होतं.

खिल्लाऱ्यांनी चष्मा लावला, लाल पेन काढलं. एकच शब्द खोडला.

‘त्यागमूर्ती काढा. मूर्ती कशाची, लय बोलायची ती.’

मग त्यांनी शाल उलगडून बाजेवर अंथरली, शेजारी स्टूल ओढलं आणि मानपत्र मोठ्यानं वाचलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, एकही शब्द न गाळता. वाचून झाल्यावर कागद गुडघ्यावर ठेवून ते रोजच्यासारखे थांबले. पुढचं नाव कुणी सांगितलं नाही.