माफीनाम्याची पाहणी

पश्चात्ताप शक्यतो दुसऱ्याला करायला लावावा, हे मोठ्या संस्थांना लहान माणसांपेक्षा फार लवकर कळतं.

गाड्या बनवणाऱ्या त्या कंपनीचंच पाहा. तिच्या गाड्या मोठ्या गुणी. धुराच्या तपासणीला रोलरवर उभ्या केल्या, की चाकं फिरतायत पण स्टिअरिंग हलत नाही एवढ्यावरून त्या ओळखायच्या, परीक्षा चालू आहे. आणि अगदी बेताचा धूर सोडायच्या. रस्त्यावर आल्या की मोकळ्या. (पाहुणे गेल्यावर आपण होतो तशा.) हे बाहेरच्या कोणीतरी मोजलं आणि बोभाटा झाला. तेव्हा संचालक मंडळाने अतिशय गंभीर होऊन विचार केला आणि रॅलीच्या शर्यतींतून माघार घेतली.

रॅलीच्या गाडीचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता. ती धूर सोडायची तो भकाभका, सगळ्यांदेखत. पण पश्चात्ताप दिसायला हवा, आणि कंपनीत दिसण्याजोगी दुसरी वस्तूच नव्हती. तपासणीची प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर, आणि तिच्या काचा दुधी. सबब रॅली विभागाला टाळं लागलं. ज्या साहेबांनी गाड्यांना परीक्षा ओळखायला शिकवलं, त्यांना नव्या 'सचोटी विभागा'चं प्रमुख केलं. (अनुभवी माणूसच हवा.)

रॅली विभागातलं एकच माणूस ठेवायचं ठरलं: नॅव्हिगेटर. रॅलीच्या गाडीत दोघं बसतात; एक चालवतो, दुसरा शेजारी बसून पुढची वळणं आणि मीटरांतली अंतरं वाचून दाखवतो. इथे वाचणारी बाई होती. खड्डा आला तरी तिचा आवाज हलत नसे. या आवाजात तिने निरोप समारंभाला निवेदन वाचायचं, की लगेच सचोटी विभागात कायमची नोकरी. निवेदन छोटंसंच होतं: 'जिंकण्याच्या हव्यासापायी रॅली विभागाने कंपनीला चुकीचे वळण लावले, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.'

तिला नोकरी हवी होती. घरात कमावणारी ती एकटी, आणि पदरात तीन वर्षांची लेक. बालवाडीच्या वाटेवर लेक डोळे मिटून घ्यायची आणि विचारायची, "आई, आता काय येतंय?"

"दहा पावलं, सरळ. डावीकडे कुत्रं, झोपलेलं. सावकाश."

आणि पोर तेवढ्या भरवशावर चालायची.

"अगं, वाचून टाक," तिचा ड्रायव्हर म्हणाला. "आम्हाला काढलंच आहे. तुझं तरी भागेल."

"वाचते की, दादा. पण रस्ता मी पाहिलेला नाही. दुसऱ्याने लिहून दिलेल्या वळणांवर तू गाडी सोडली असतीस?"

"सोडली असती तर आज तुझ्याशी बोलत नसतो."

त्यांच्या धंद्यात शर्यतीआधी तो रस्ता स्वतः हळूहळू फिरून टिपून घ्यायचा असतो. त्याला पाहणी म्हणतात. तिने रीतसर अर्ज केला: निवेदन वाचण्यापूर्वी पाहणीस परवानगी मिळावी.

"करा ना, मॅडम, अवश्य करा," सचोटीप्रमुख म्हणाले. (विभाग नवा होता; नाही म्हणायची पद्धत अजून बसली नव्हती.)

समारंभाला कंपनीचे निष्ठावान ग्राहक बोलावले होते. रॅलीची गाडी धूर नको म्हणून इंजिन बंद ठेवून मंचावर आणली. ढकलायला काढून टाकलेलेच लोक होते. तिने निवेदनाची घडी करून खिशात ठेवली, स्वतःची टिपणं उघडली आणि गाडीत वाचायची तशीच वाचायला लागली.

"तिसरा मजला. दुधी काच. आत दोन इंजिनियर, माना खाली. पन्नास, उजवीकडे जिना, चढ. साहेबांची केबिन. सही इथे. शंभर, सरळ, मंडळाची खोली. सगळ्यांना माहीत. थांबू नका."

सचोटीप्रमुख उठून उभे राहिले. पण ग्राहक टाळ्यांवर टाळ्या वाजवत होते. "वाघीण आहे!" कोणीतरी ओरडलं. तिने मान वर केली नाही. वाचताना नॅव्हिगेटर रस्त्याकडे बघत नाही.

"फाटकाबाहेर. शोरूम. तुमचं पार्किंग. कंपनीचं दुरुस्तीचं पत्र आलेलं, दुरुस्ती फुकट. मग धूर कमी, पिकअप जरासा कमी. शंभरातले ब्याण्णव दुरुस्तीला गेलेच नाहीत. पुढे सिग्नल. मागे लेकरू, उंची तुमच्या सायलेन्सरएवढी. जपून."

टाळ्या थांबल्या. "हे जरा जास्तच झालं," वाघीण म्हणणारा म्हणाला, आणि खिशात किल्ली चाचपू लागला. त्याच संध्याकाळी सचोटी विभागाने तिला कामावरून कमी केलं. ग्राहकांच्या भावना दुखावल्या होत्या. (संचालकांच्या दुखावल्या नव्हत्या, त्यांना तो रस्ता पाठ होता.)

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लेकीचा हात धरून सिग्नलपाशी उभी होती. समोर एक गाडी, पाठमोरी, इंजिन चालू.

"आई, आता काय येतंय?" डोळे मिटून लेकीने विचारलं.

आईने तिच्या नाकावर रुमाल धरला.

तुम्ही आरशात बघितलं असतंत तर त्या दोघी दिसल्या असत्या. पण तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला, आणि तुमच्या गाडीचा पिकअप अजून काय झकास आहे!