धास्तीवर पांजणीचा इलाज

चौथीतून शाळा सुटली ते बरंच झालं, असं मी आमच्या गल्लीला वर्षानुवर्षं ऐकवत आले. शिकलेल्या माणसाला जी दुखणी होतात, ती मला कधी शिवली नाहीत. धास्ती, घबराट, काळीज धडधडणं, रात्रभर आढ्याकडे बघत पडणं. ही सारी खुर्चीवर बसून होणारी दुखणी! मागावर बसणाऱ्याचे पाय खड्ड्यात हलत असतात, हात धोटा फेकत असतात. धास्तीला शिरायला जागा कुठं? "शिरली तं सुभद्राच्या तोंडाले भिऊन वापस जाईन," असं महादेवराव म्हणाले होते. महादेवराव म्हणजे माझे यजमान. वर्षाकाठी दोनच वाक्यं बोलतात, पण अशी बोलतात.

तर हे दुखणं माझ्याच घरात आलं. गिरिधरला, माझ्या एकुलत्या एका पोराला. आम्हा कोष्ट्यांच्या घरातला हा पहिला, ज्याच्या बुडाखाली ऑफिसची खुर्ची आली. सीताबर्डीवर कारकून लागला तेव्हा मी सक्करदऱ्याच्या तलावापर्यंत पेढे वाटत गेले होते. पण नोकरी अजून कच्ची होती. ती पक्की करायची की पोराला घरी धाडायचं, हे साहेबाच्या हाती. आणि साहेब पुण्याहून बदलून आलेला. ओरडत नसे, शिव्या देत नसे. नुसता चष्म्यावरून बघायचा आणि म्हणायचा, "असं का?" तेवढ्यानं माझ्या पोराचं वरण व्हायचं!

साहेबाच्या टेबलावर घंटी होती. ती वाजली की याला घाम. मग घरीही तेच सुरू झालं. गल्लीतून सायकलची घंटी ऐकू आली की हा जेवता जेवता ताटावरून उठून उभा राही. एकदा दूधवाल्याला "आलो साहेब" म्हणाला.

शेवटी सून वच्छला म्हणाली, "माय, यायले डॉक्टरले दाखवा. काल झोपेत मलेच 'असं का' म्हणाले, न मंग सोताच घाबरून उठले."

डॉक्टरनं छाती पाहिली, जीभ पाहिली. म्हणाला, "अंगात काही नाही. मनानं धास्ती घेतली आहे. मन घट्ट व्हायला हवं." आणि पांढऱ्या गोळ्यांची बाटली दिली, चार दिवस आराम सांगितला.

मला राग आला. "डॉक्टरसाहेब, माह्या पोटचा पोरगा आहे हा. याचं मन गोळ्यानं घट्ट करा लागलं, तं मी लुगडं विणणं सोडून देईन."

"ते नका सोडू," डॉक्टर म्हणाला. "लुगडी चांगली असतात तुमची."

घरी येऊन मी बाटली फडताळात लोणच्याच्या बरणीमागं टाकली. ऑफिसात निरोप धाडला की गिरिधरला ताप आहे. आणि सांगून टाकलं, "गोळ्या नाही न फिळ्या नाही. उद्या पांजणीले उभा राह्य."

पांजणी म्हणजे लुगड्याचं उभं सूत गल्लीभर ताणून धरायचं, त्याला भाताची खळ लावायची आणि कुंच्यानं विंचरत न्यायचं. एकदा सूत पसरलं की मधे थांबता येत नाही. कुणी टोक सोडलं तर सगळ्याच्या शेवया, आणि लुगडं गेलं! म्हणून आमच्या गल्लीचा कायदा आहे. पांजणी चालू असताना गल्लीत जो शिरेल त्यानं हात लावायचा. मग तो पोस्टमन असो, जावई असो, की विरजण मागायला आलेली शेजारीण असो. माझा विचार सरळ होता. टोक धरलेल्याला पळता येत नाही. आणि जो पळत नाही, त्याच्या मागं धावून धास्ती काय करील? कंटाळेल आणि जाईल!

सकाळी गल्लीच्या त्या टोकाला गिरिधरला उभं केलं. अंगात गंजीफराक, खाली पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, हातात सुताचं टोक बांधलेली काठी. दोन्हीकडचे खुंटे नळाच्या खोदकामात उपटले होते, म्हणून पोरगाच खुंटा. या टोकाला शेजारचे रुपराव. महादेवराव कुंचा घेऊन, मी खळीचं घमेलं घेऊन.

"माय, सुटन वं हे," गिरिधर तिकडून ओरडला.

"सुटलं तं तुले बी घरातून सुटी. धर गुमान!"

निम्मं सूत झालं आणि रुपराव कळवळले. "सुभद्राबाई, मले जा लागते."

"आत्ता? काहून?"

"पोटाले काहून-बिहून समजत नाही वं!"

नेमका तेवढ्यात एक उंच माणूस गल्लीत शिरला. इस्त्रीची पँट, चकचकीत बूट, हातात संत्र्यांची पिशवी. मी कशाला नावगाव विचारते! रुपरावांच्या हातची काठी काढून त्याच्या हातात दिली.

"मी इथं एकांना भेटायला..."

"ते मांगून सांगा. आधी धरा. लोण्याचे हात आहेत काय? जरा मांगं झुका!"

माणूस झुकला. रुपराव पळाले. मला खळ लावताना तोंड चालवल्याशिवाय हात चालत नाही.

"कुठून आले?"

"सीताबर्डीहून."

"माहा पोरगा तिथंच असते ऑफिसात. तो पाहा, त्या टोकाले. बिमार नाही काही, साहेबाच्या धास्तीनं घरी बसला बिचारा."

"फार रागावतात का साहेब?"

"रागावला असता तं बरं नसतं काय! पोरगं रडून मोकळं झालं असतं. नुसतं चष्म्यावरून पाह्यते घुबडावानी, न म्हणते..."

त्या माणसानं मान खाली घातली, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "असं का?"

मी त्या टोकाकडे पाहिलं. गिरिधरनं केव्हाच ओळखलं होतं. पोरगा पिंपळपानासारखा कापत होता, आणि ते कापरं सुतातून सरसरत सगळी गल्ली ओलांडून साहेबाच्या मुठीपर्यंत येत होतं. ओल्या खळीचे थेंब उडत होते.

आता हा काठी टाकून पळणार, लुगडं जाणार, नोकरी जाणार! मनात म्हटलं, सुभद्रे, पोराला धीर दे. तोंड उघडलं, तर आवाज नाही. घमेलं माझ्या हातून सुटलं, अर्धी खळ साहेबाच्या बुटांवर गेली आणि मी तिथंच बसकण मारली.

"माय पडल्या वं!" वच्छला धावली.

साहेबही मला उचलायला वाकला. त्याच्या हातची काठी खाली आली, सूत झोल खाऊ लागलं.

तेव्हा त्या टोकाकडून आवाज आला. "साहेब, सूत सोडू नका!"

मला वाटलं रुपराव आले परत.

"मायले वच्छला पाह्यते. तुम्ही मांगं झुका, साहेब. आणखी. हं. बाबा, तुम्ही कुंचा चालू ठेवा."

आणि साहेब, बुटात खळ घेऊन, मागं झुकला. "धरलंय," म्हणाला. सूत शेवटपर्यंत थरथरत होतं, पण सुटलं नाही. मी भिंतीला टेकून बघत होते, आणि वच्छला मला पदरानं वारा घालत होती.

काम संपल्यावर गिरिधर चड्डीवरच साहेबासमोर येऊन उभा राहिला. "ताप नव्हता, साहेब."

"दिसलं ते." साहेबानं बुटातली खळ झटकली. "मला वाटायचं, तुम्हाला आवाजच नाही. आहे की चांगला. ऑफिसात आणत जा तो." मग संत्र्यांची पिशवी पुढं केली. "आजाऱ्यासाठी आणली होती. आता आईंना द्या."

गिरिधर सोमवारी कामावर गेला. घंटी वाजली की अजून घाम फुटतो म्हणतो, पण घाम पुसून आत जातो. होळीच्या आत नोकरी पक्की झाली.

साहेबाला मात्र पांजणीची चटक लागली. त्याच्याही डोक्यावर 'असं का' म्हणणारा एक बसलेला आहे, म्हणे. टोक धरलं की तो माणूस डोक्यातून उतरतो. आता रविवारी सूत पसरलं की हा जुने बूट घालून हजर!

गल्लीतले लोक मला इलाज विचारायला येतात. मी सांगते, पांजणीसारखं औषध नाही. रविवारी साहेबासमोर घमेलं धरताना माझ्या हातांचं काय होतं, ते सांगत नाही. उगाच लोकांचा इलाजावरचा भरवसा उडायचा.

परवा वच्छला लोणचं काढता काढता म्हणाली, "माय, बरणीमागची बाटली अर्धी कशी झाली वं?"

"उंदरं खात असतील," मी म्हटलं.

"उंदरं खाऊन झाकण लावून ठेवतात काय?"

महादेवराव मागावर होते. त्यांनी धोटा थांबवला. या वर्षाचं त्यांचं एक वाक्य शिल्लक होतं, हे मी विसरलेच होते.

"तरीच म्हटलं," ते म्हणाले, "आपल्या घरची उंदरं आजकाल शनिवारी लई शांत झोपून राहिली."