सकीनाच्या मशीनला नवा लॅपटॉप

"कॉम्प्युटर म्हणजे आपल्या हातचा मळ," मस्कतहून कायमचा परतलेला फुजैल पनवेलभर सांगत फिरायचा. तिथल्या ऑफिसात तो झेरॉक्स मशीनमध्ये कागद भरायचा, हे फक्त बायकोला, सकीनाला, ठाऊक होतं.

सकीना कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनने लग्नाच्या ओढण्यांवर भरतकाम करायची. तिचा कॉम्प्युटर इतका जुना, की तो सुरू होईपर्यंत चहा उकळून, गाळून, पिऊन व्हायचा. फुजैलने नवाकोरा लॅपटॉप आणला आणि ते जुनं धूड कामोठ्याच्या चुलतभावाला, इमादला, देऊन टाकलं.

"सवाब मिळेल, पुण्य लागेल," म्हणाला.

मग त्याने भरतकामाची जुनी सीडी लॅपटॉपमध्ये घातली. पुसून घातली, बिस्मिल्ला म्हणून घातली. नवी विंडोज तिला दारातही उभं करेना.

"अहो, परवा यूम्नाचा निकाह आहे. तिची ओढणी व्हायचीय," सकीना म्हणाली.

"विंडोज जुनीच आहे असं प्रोग्रामला भासवायचं. त्याची सेटिंग असते."

सेटिंग केली आणि प्रोग्राम खरंच उघडला. मध्येच इंग्रजीत एक चौकट आली. फुजैलने न वाचता ओके दाबलं. तो सगळ्यालाच ओके म्हणायचा. स्वतःच्या निकाहातही काझीसाहेबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत 'कबूल' म्हणून मोकळा झाला होता.

मशीन धडधडलं. लाल ओढणीवर जरीच्या वेली उमटल्या, कळ्या उमटल्या, आणि बरोब्बर नवरीच्या कपाळावर येईल तिथे टपोऱ्या इंग्रजी अक्षरांत उमटलं: डेमो.

"डिझाइन असेल," फुजैल म्हणाला.

"नवरी डेमो म्हणून पाठवायची? पसंत पडली तर खरी नंतर?"

सकीनाने मशीनवाल्याला फोन लावला. जुन्या कॉम्प्युटरच्या पाठीला एक डबी खोचलेली असते, तीच प्रोग्रामची किल्ली, तो म्हणाला. ती नसली की प्रोग्राम नुसता नमुन्यापुरता चालतो आणि तसा शिक्का मारतो. लॅपटॉपला ती डबी खोचायला भोकच नव्हतं.

फुजैलने लॅपटॉप बगलेत मारला आणि रिक्षाने कामोठे गाठलं.

"भाईजान, दिलेलं दान परत?" इमाद म्हणाला. "पोरांना काय सांगू?" नजर त्याची फुजैलच्या बगलेतल्या लॅपटॉपवर.

येताना फुजैलच्या मांडीवर जुनं धूड होतं आणि बगल रिकामी.

सकीनाने नवं कापड घेऊन ओढणी पुन्हा भरली आणि वेळेत पोचवली. मग फुजैलच्या हातात कात्री दिली. "तुम्ही फक्त सुटे दोरे कापा. कशालाच ओके म्हणू नका."

दुसऱ्याच दिवशी एका गिऱ्हाइकाने विचारलं, "फुजैलभाई, हल्ली काय करता?"

फुजैलने कात्री हळूच मांडीखाली सरकवली.

"कॉम्प्युटर लाइनलाच आहे."